उद्यमबागेतील घड्याळ

वसईहून मिरजेच्या वाटेने बेळगावास जाणे म्हणजे काही परदेशगमन नव्हे. तथापि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. २०१४ साली शहराचे अधिकृत नावही ‘बेळगावी’ झाले. तेथे खानापूर रस्त्याला लागून उद्यमबाग आहे. नाव बागेचे, पण आत ओतशाळा, लेथ आणि हायड्रॉलिक यंत्रांचे कारखाने! १९७९ साली निघालेली गोगटे तंत्रविज्ञान संस्था याच भागात. मी मात्र कामगारांच्या एका लहानशा सायंवर्गास यंत्राची चित्रे वाचावयास शिकवीत असे.

आम्हां वसईकरांचे घड्याळ म्हणजे आगगाडी. पहाटेची लोकल चुकली की दादरला भाजीचा भाव गेला, हे बाळपणापासून अंगी मुरलेले. साहजिकच एक मोल्डर तीन दिवस उशिरा आला तेव्हा मी त्याला सर्वांदेखत बोललो. तो शांतपणे म्हणाला, “कास्टिंग निवायला पाहिजे की, सर.” ही मला सबब वाटली. मराठी, कानडी आणि उर्दू एकाच वाक्यात मिसळणारी ही माणसे कामातही अशीच सैल असावीत, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

पुढे त्यानेच मला ओतशाळेत नेले. लाकडी नमुन्याभोवती ओलसर वाळू ठोकून साचा करावयाचा, वायू निघून जाण्यासाठी त्याला सळईने बारीक भोके पाडावयाची. बिडाचे लोखंड सुमारे १,२०० अंशांना वितळते. ओतताना ते त्याहूनही तापलेले असते. ओतणे सुरू झाले तेव्हा कोणी कोणाशी बोलेना. धार मध्येच तुटली तर आधीचा आणि नंतरचा रस एकजीव होत नाही, तेथे सांधा राहतो. त्या थोड्या मिनिटांत त्या माणसांची जी चपळाई दिसली, ती आमच्या फलाटावरही मी पाहिलेली नाही. आणि मग सारे थांबले. साचा घाईने फोडला तर ओतीव तडकते किंवा वाकते. जाड ओतीव तर रात्रभरही वाळूत ठेवावे लागते. त्याच्या उशिराचे कारण माझ्यासमोर वाफाळत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात, सर्वांदेखतच, मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “असू दे की, सर.” वर्ग मी अर्ध्या तासाने पुढे नेला, तरीही तो अधूनमधून उशिरा येईच.

सुटीनंतर परतताना आईने सुकेळी बांधून दिली होती. राजेळी केळी सोलून ती दिवसचे दिवस उन्हात वाळवी, सांजेस आत घेई. मी ते लहानपणापासून पाहिले होते, आणि तरी आमचे घड्याळ आगगाडीचे असे सर्वांना सांगत फिरलो होतो! वर्गात ती वाटली तेव्हा मोल्डरने एक तुकडा चाखून विचारले,

“हे व्हायला किती दिवस लागतात, सर?”

“ऊन असेल तसे,” मी म्हणालो.

त्याने मान हलविली आणि वही उघडली.