ब्रिस्टलच्या कोरड्या गोदीत

ब्रिस्टलला रेल्वेने उतरलं की इंजिनिअर ब्रुनेल पाठ सोडत नाही. जुनं स्टेशन त्याचं, दरीवरच्या झुलत्या पुलाचा मूळ आराखडा त्याचा आणि ‘ग्रेट ब्रिटन’ही त्याचंच. १८४३ साली ज्या गोदीत हे लोखंडी जहाज बांधलं, तिथेच ते आज उभं आहे. उतारवयात ते फॉकलंड बेटांवर आधी गोदाम म्हणून वापरलं गेलं आणि मग तिथेच कुजत पडलं. १९७० मध्ये तराफ्यावर चढवून परत आणलं.

जहाजाभोवती पाण्याच्या पातळीला काच बसवलीय. खाली उतरलं की हवा कमालीची कोरडी, कारण मिठाने चाळण झालेला पत्रा आणखी गंजू द्यायचा नाही.

मला ओढ होती इंजिनाची. मूळचं केव्हाच गेलं. आता आहे ती पूर्ण आकाराची फिरती प्रतिकृती. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८८ इंच. आत माणूस सहज उभा राहील! एवढा पसारा कशाला? तर वाफेचा दाब होता चौरस इंचाला जेमतेम ५ पौंड. मोटारीच्या टायरमध्ये आपण याच्या सहापट दाबाने हवा भरतो. बॉयलर सपाट भिंतींचे, त्यात पाणी समुद्राचं. जास्त दाब झेपणारच नव्हता. म्हणून वापरलेली वाफ थंड करून तिचं पाणी करायचं. तिच्या जागी पोकळी तयार होई आणि दट्ट्या ओढायचं बरंचसं काम ती पोकळीच करी.

इंजिन मिनिटाला १८ फेरे घेई, जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला हवे होते ५३. मग मोठ्या चाकावरून लहान चाकावर जाडजूड साखळ्या. खरं तर आधी बाजूची वल्हेचाकं ठरली होती. १८४० मध्ये पंख्यावर चालणारं ‘आर्किमिडीज’ ब्रिस्टलला आलं आणि ब्रुनेलने अर्ध्यात बेत बदलला. असा माणूस मालकांना परवडत नाही, पण १८४५ मध्ये जहाज लिव्हरपूलहून पंधरा दिवसांच्या आत न्यूयॉर्कला पोचलं.

पुढे ऑस्ट्रेलियाचे उतारू. १८५७ च्या उठावात याच जहाजातून गोरे सैनिक मुंबईला आले. वरच्या झगमगीत जेवणघरात हिंडताना मला ते सारखं आठवत होतं.

१८८२ मध्ये इंजिन काढून टाकलं आणि नुसत्या शिडांवर मालवाहतूक सुरू झाली. माल कोणता? वेल्सचा कोळसा, थेट सॅन फ्रान्सिस्कोला. वाऱ्याला पैसे पडत नव्हते आणि इंजिनाची जागा मालाला मोकळी झाली होती.