खोक्यावरचे किलो

रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या छंदावर सोपं काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आला. मी सर्व्होवर लिहायचं ठरवलं. गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याचं विमान पडलं, ते अजून डोक्यातून जात नाही, आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्नही हाच असतो, "सर, किती किलोचा सर्व्हो घेऊ?"

आधी एक गैरसमज दूर करतो. हल्ली मैदानावर काहीही उडताना दिसलं की लोक त्याला ड्रोन म्हणतात. चार पंख्यांच्या ड्रोनला सर्व्हो लागतच नाही. मोटरींचा वेग कमीजास्त करून ते वळतं आणि आतली इलेक्ट्रॉनिक्स त्याला सावरते. कसरतीचं विमान उडवणाऱ्यालाच सावरावं लागतं. त्याच्या बोटांची हालचाल पंखांवरचे एलेरॉन, शेपटीवरचा एलेव्हेटर आणि रडर या हलत्या पट्ट्यांपर्यंत पोचवणारी काडेपेटीएवढी डबी म्हणजे सर्व्हो. आत छोटी मोटर, गिअरची साखळी आणि दांडा किती फिरलाय ते सांगणारं पोटेन्शिओमीटर. विमानातल्या रिसीव्हरकडून सेकंदाला साधारण 50 पल्स येतात. पल्स दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांड्यावरची पट्टी, म्हणजे आर्म, मधोमध. एक मिलिसेकंदाकडे झुकला की एका बाजूला, दोनकडे झुकला की दुसऱ्या. मागणी आणि जागा जुळेपर्यंत मोटर फिरत राहते.

आता ते किलो. खोक्यावर 10 किलो लिहिलेलं असतं ते खरं तर किलो-सेंटिमीटर. दांड्यापासून 1 सेंटिमीटरवर 10 किलोची ओढ, 2 सेंटिमीटरवर 5 किलोची. तीही सर्व्हो पुढे सरकूच शकत नाही अशा अवस्थेत, ठरावीक व्होल्टेजवर मोजलेली. फुटाबाचा एस-3003 हा जुना साधा सर्व्हो 4.8 व्होल्टला फक्त 3.2 किलो-सेंटिमीटर देतो, आणि त्यावर जगभर किती पिढ्या उडवायला शिकल्या! पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मुलं सर्व्हो घेताना मी पाहतो. आकडा मोठा आणि किंमत कमी, एवढंच बघितलं जातं. रिमोटची स्टिक सोडल्यावर आर्म पुन्हा नेमका त्याच जागी येतो का, हे कोणी विचारत नाही. कसरतीच्या विमानात माझ्या लेखी पहिला प्रश्न तोच.

हे घरी तपासता येतं. 20 सेंटिमीटरची सरळ खराट्याची काडी आर्मवर चिकटवा, टोकाखाली आलेखाचा कागद ठेवा. स्टिक डावीकडे नेऊन हलकेच सोडा, टोक थांबेल तिथे खूण करा. मग उजवीकडून तसंच. टोकाशी साडेतीन मिलिमीटरचा फरक म्हणजे आर्मवर एक अंश. असा सर्व्हो एलेव्हेटरला असेल तर विमान सरळ रेषेत राहतच नाही, आणि उडवणारा बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. डिजिटल सर्व्हो मोटरला सेकंदाला शेकडो वेळा विजेचा झटका देतो, म्हणून तो मध्याजवळ जागा घट्ट धरतो. त्याबदल्यात बॅटरी जास्त खातो. पण गिअरलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर डिजिटल असून काय उपयोग?

यानंतरच्या मुद्द्यावर माझे अनेकांशी वाद झाले आहेत, तरी लिहितोच. लोक लांब आर्म लावतात, आर्मपासून एलेव्हेटरपर्यंत जाणारा पुशरॉड सगळ्यात बाहेरच्या भोकात अडकवतात, मग एलेव्हेटर फार हलतो म्हणून ट्रान्समीटरवर, म्हणजे रिमोटवर, हालचाल निम्म्याहून कमी करून टाकतात. समजा एलेव्हेटर एका बाजूला 15 अंश हवाय. आतल्या भोकातून सर्व्हो पूर्ण 60 अंश फिरवला, तर गिअरमधला एक अंशाचा प्ले एलेव्हेटरवर जेमतेम पाव अंश उरतो आणि जोर साधारण चौपट मिळतो. बाहेरच्या भोकातून सर्व्हो 15 अंशच फिरवला, तर एक अंशाचा प्ले पूर्ण एक अंश होऊन शेपटीवर येतो. विकत घेतलेले किलो आपणच फेकून दिले! थ्रीडी कसरतींना एलेव्हेटर 45 अंशांपर्यंत लागतो, तिथे लांब आर्म हवाच. पण तीच जोडणी वेगाने सूर मारणाऱ्या विमानाला कशाला? वेग दुप्पट झाला की एलेव्हेटरवरचा हवेचा जोर चौपट होतो, आणि ढिल्या जोडणीत तो फडफडायला लागतो.

त्या मुलाच्या विमानात नेमकी हीच जोडणी होती. बाल्साचं, फार निगुतीनं बांधलेलं विमान. सूर मारताना घर्रर्र असा आवाज आला, असं मैदानावरचे सगळेच सांगतात. मग ते वर आलंच नाही. मी एलेव्हेटरचा सर्व्हो उघडला. शेवटच्या नायलॉन गिअरचे तीन दात गेले होते. ते आपटूनही जातात. पण भिंगाखाली शेजारचे दात झिजलेले दिसले, तेही सेंटरच्या पट्ट्यातच. दोन्ही टोकांचे दात कोरे करकरीत. मुलाचं म्हणणं, रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा बीईसी कमी पडला, व्होल्टेज कोसळलं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. असं होतं, नाही असं नाही. स्नॅप रोलसारख्या झटक्याच्या कसरतीत सगळे सर्व्हो एकदम जोर लावतात आणि 3 अँपिअरचा बीईसी मान टाकतो. पण तेव्हा आधी घरघर ऐकू येत नाही. माझा कौल फडफडीला आहे. झीज जुनी असू शकते, हे मात्र मला खोडता येत नाही.

आता तो नवं विमान बांधतोय आणि एलेव्हेटरसाठी त्याने 20 किलोचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो आणलाय. वजन 60 ग्रॅम. तो शेपटीत बसणार, म्हणजे तोल साधायला नाकात शिसं भरावं लागणार. सर्व्हो बदल असं मी म्हटलेलं नाही, त्याचे पैसे गेले आहेत. पुशरॉड आतल्या भोकात घे, ट्रान्समीटरवरची हालचाल पूर्ण ठेव आणि एलेव्हेटरच्या बाजूचा हॉर्न, म्हणजे पुशरॉड अडकतो ती पट्टी, लांब कर, एवढंच सांगितलंय. काडी लावून सर्व्हो तपासायला तो या रविवारी माझ्याकडे येतोय.