अडकलेले आटे

प्लग तुटला तेव्हा आवाज झाला तो अगदी बारीक, वाळकी काटकी मोडावी तसा. हातातला पाना एकाएकी हलका झाला. पान्यात प्लगचं षटकोनी डोकं आलं आणि आट्यांचा भाग इंजिनाच्या हेडमध्येच राहिला. आबा कट्ट्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

2024 चा डिसेंबर होता. ऊस तोडायला आला होता आणि पहाटेच्या गारठ्यात ट्रॅक्टर सुरू व्हायला तयार नव्हता. आबांनी 1984 साली सेकंडहँड घेतलेला हा बी-275. महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी 1963 मध्ये भागीदारी करून जे ट्रॅक्टर बनवले, त्यांतला. गावात सगळे सरसकट 'प्लग' म्हणतात, पण हा काही मोटारसायकलचा ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नव्हे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती शेकडो अंश तापते आणि त्या तापल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. मात्र या जुन्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर पडत नाही, आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत फवारलं जातं. खोलीच्या भिंती गार असल्या की दाबलेल्या हवेची ऊब त्याच पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या खोलीत एक हीटर प्लग, टोकाला जाड तारेचं वेटोळं असलेला. पुढच्या काळात 275 च्या नावापुढे 'डी. आय.' ही अक्षरं लागली ती याच कारणानं: डिझेल थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागलं, ही मधली खोली गेली.

लहानपणी मला त्या ट्रॅक्टरचं सर्वांत आवडतं काही असेल तर ते डॅशबोर्डवरचं छोटं जाळीदार भोक. आबा चावी फिरवून धरायचे आणि त्या भोकातली तार हळूहळू लाल व्हायची. आत चारही प्लग तापत असल्याची ती खूण. आई चुलीत फुंकर घालून जाळ धरायची वाट बघायची, तसे आबा त्या तारेकडे बघत बसायचे. ते कधी घाई करायचे नाहीत. तार पुरती लाल झाली की मगच स्टार्टर.

हे चारही प्लग एकाच वायरच्या माळेत ओवलेले असतात. वीज पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. एकाची तार तुटली की चौघंही गार. आमची ती लाल तार 2019 च्या पुरानंतर कधी दिसलीच नाही.

त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43. आमचं गाव नदीकाठचं. रात्री जनावरं सोडून वरच्या माळावर न्यायची की ट्रॅक्टर काढायचा, असा प्रश्न होता. आबांनी जनावरं नेली. ट्रॅक्टर बॉनेटपर्यंत पाण्यात बरेच दिवस उभा राहिला. पाणी ओसरल्यावर ऑइल बदललं, पंप, नोझल, डायनामो सगळं खोलून साफ केलं. हीटर प्लगला कुणी हात लावला नाही, कारण ऊन असलं की इंजिन त्यांच्यावाचूनही सुरू व्हायचं. थंडीत आबा संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावायचे आणि सकाळी गिअरमध्ये टाकून सोडायचे. अशी पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत आट्यांत गंज चढत राहिला. लोखंड गंजलं की ते मूळच्यापेक्षा जास्त जागा मागतं, आणि आट्यांच्या फटीत तर जागाच नसते. मग तो गंज पाचरीसारखा ठोकून बसतो.

मी कोल्हापुरात शिकवतो, शनिवार-रविवार गावी. उतारावरची ती कसरत अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आबांनी करू नये, एवढ्याचसाठी मी पाना हातात घेतला होता. प्रेमापोटी केलेल्या घाईचं नुकसान लवकर लक्षात येत नाही.

हेड उतरवावंच लागलं. पोत्यात गुंडाळून दोघांनी ते गाडीत ठेवलं आणि शिवाजी उद्यमनगरात नेलं. उद्यमनगराच्या गल्ल्यांतून जाताना मला नेहमी वाटतं, कोल्हापूरचं खरं वैभव दाखवायचं तर पाहुण्याला अंबाबाईच्या देवळानंतर इथंच आणावं. नदीकाठावर पाणी उपसणारी ऑइल इंजिनं आणि गुऱ्हाळं यांवर या भागाची शेती उभी राहिली. हंगामात इंजिन बंद पडलं तर उसाला थांबता येत नाही आणि मुंबईहून पार्ट यायची वाटही बघता येत नाही. मग इथंच साचे बनले, इथंच भट्ट्या पेटल्या, इथंच लेथ फिरले. ओतीव लोखंडाच्या वासात वाढलेली माणसं या गल्ल्यांत आहेत. त्यांच्या बोटांना जे कळतं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

मेस्त्रींनी हेड फळीवर ठेवलं. तुटलेल्या जागेकडे नंतर बघितलं, आधी माझ्याकडे.

"सर, तुटायच्या आदी पाना मऊ लागला आसंल बगा."

मी आठवून पाहिलं. लागला होता. घट्ट बसलेला प्लग एका क्षणी किंचित हलला होता आणि मला वाटलं होतं, सुटला. तो सुटत नव्हता. खालचे आटे होते तिथंच होते आणि मधलं लोखंड पिळवटत होतं. आट्यांतून फिरणारा प्लग कुरकुरतो, पिळवटणारा मऊ लागतो आणि आवाज करत नाही. त्या मऊपणापाशी थांबून उलट फिरवायचं, तर मी उत्साहानं आणखी जोर लावला.

"आता जोर न्हाई. आदी त्येला रॉकेल पिऊ द्या दोन दिस."

दोन दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी आधी बाकीचे तीन काढले. प्लगभोवतीचं हेड गॅसच्या ज्योतीनं हळू तापवलं, मग गरम आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवली. मेण पातळ होऊन आत ओढलं गेलं. नंतर पाना: पाव फेरा उलटा, किंचित सुलटा, परत उलटा. सुलटं फिरवताना गंजाचा चुरा मागं सरतो. एकेका प्लगला अर्धा-अर्धा तास लागला.

तुटलेल्याची गोष्ट वेगळी. पकडायला काही नव्हतंच. भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर घालता आला असता, पण तो कडक आणि ठिसूळ असतो. तो आत मोडला तर ड्रिलही चालत नाही. मेस्त्रींनी तुकड्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या पोटातून वेल्डिंग मारलं. ओतीव लोखंडाला साधं वेल्डिंग सहजी धरत नाही, प्लगच्या पोलादाला धरतं. इथं तेच कामाला येतं. पहिला नट फिरवताच निघून हातात आला. दुसराही. तिसऱ्यानं धरलं. तो लालभडक होता तेव्हा मी पान्याकडे हात नेला. त्यांनी नुसती मान हलवली. लाली गेली, काळा पडला, मेणबत्ती टेकवून झाली, तेव्हा कुठं पाना लागला. कुरकुर ऐकू आली. मेस्त्री हसले.

"प्लग काय, दुकानात मिळंल. आटं ऱ्हायलं पायजेत."

बाहेर आलेला तुकडा माझ्या करंगळीच्या पेरापेक्षाही लहान होता. मेस्त्रींनी ग्रीस लावलेला टॅप हेडमध्ये फिरवला, चुरा ग्रीसला चिकटून बाहेर आला. आतले आटे स्वच्छ चमकले. त्यांतला एकही मोडला नव्हता.

परत येताना हेड मांडीवर घेतल्यासारखं मी गाडी चालवत होतो आणि डोक्यात पाना नव्हता, आबा होते. पुराच्या साली मी त्यांना कोल्हापूरच्या फ्लॅटवर आणलं होतं. चार महिने रोज समजावत होतो की शेत वाट्यानं द्या, आता इथंच राहा. एके दिवशी ते म्हणाले, "बरं." मला केवढा आनंद झाला होता. त्यानंतर ते गॅलरीत बसून राहू लागले. विचारलं तर उत्तर द्यायचे, आपण होऊन बोलायचे नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. आईनं एका सकाळी त्यांची पिशवी भरली आणि मला न विचारता दोघं एस.टी.नं गावी गेली. मी त्यावर रुसलो होतो. ते "बरं" किती मऊ होतं, हे मला पाच वर्षांनी उद्यमनगरात कळलं. आबा तुटले नाहीत ते आईमुळं.

हे मी त्यांना बोललो नाही. बोलता आलं नाही.

नवे प्लग बसवायच्या दिवशी आबा कट्ट्यावरून उठून आले. आट्यांना ग्रेफाइटचं ग्रीस लावलं. मी पाना उचलला तसा त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पहिला प्लग चिमटीत धरून भोकावर टेकवला. आधी उलटा फिरवला, आट्याला आटा लागल्याची 'टक' लागेपर्यंत. मग सुलटा. गुडघे दुखत असताना उकिडवे बसून, नुसत्या बोटांनी.

"हातानं जातोय तवर हातानंच जाऊ दे," ते म्हणाले.

मी शेजारी बसलो. त्यांनी दुसरा प्लग माझ्या हातात दिला.