कच्चे लिंबू

उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे आली की पौडजवळच्या आमच्या घराला कंठ फुटतो. २०२३ च्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्यास आठ-दहा दिवस उरले असताना, त्या घरात एका संध्याकाळी रडणे ऐकू आले. आमचा थोरला नातू त्या वर्षी आठवीत जाणार होता. गुडघा फुटला तरी ओठ आवळून बसणारा हा मुलगा; तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याचा मोबाइल चटईवर उपडा पडला होता.

"काय झालं रे?"

"उतरल्या उतरल्या मारलं, आजोबा. बंदूक सापडेपर्यंतसुद्धा थांबले नाहीत."

आमच्या सौभाग्यवतींनी "कोणी मारलं?" म्हणून आधी अंगणात डोकावून पाहिले, मग त्याची पाठ चाचपली. आम्ही हसलो. हसायला नको होते, हे त्या रात्री तो न जेवता झोपला तेव्हा कळले.

त्या खेळाचे नाव येथे सांगत नाही. त्या जातीचे खेळ अनेक आहेत आणि नियम थोड्याफार फरकाने तेच आहेत. शंभर खेळाडू एका विमानातून हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात. प्रत्येकाचे हात रिकामे. ओसाड घरे धुंडाळून शस्त्र मिळवायचे, औषध मिळवायचे, आणि दिसेल त्याला मारायचे. भोवतीचे सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाते, म्हणजे लपून राहण्याची सोय नाही. उरेल तो जिंकला. कौशुन ताकामी ह्या जपानी लेखकाच्या १९९९ च्या 'बॅटल रॉयल' ह्या कादंबरीवरून आणि २००० साली तिच्यावर निघालेल्या चित्रपटावरून ह्या खेळप्रकाराला नाव मिळाले. ब्रेंडन ग्रीन ह्या आयरिश गृहस्थांनी रचलेला 'पबजी' २०१७ साली संगणकावर आणि २०१८ साली मोबाइलवर आला. त्याचे एरँगल नावाचे बेट आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पबजीचे मोबाइल रूपही होते. जुलै २०२१ मध्ये तो निराळ्या नावाने भारतात आला, पुढल्या जुलैत पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. ह्या सर्व काळात आमच्या आळीतील मुले त्या जातीच्या प्रत्येक खेळाला पबजीच म्हणत राहिली.

खेळातील रक्तपाताविषयी येथे लिहायचे नाही. ते पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस छळत होता तो निराळाच प्रश्न. दोन दिवसांपूर्वीपर्यंत हाच मुलगा भरभरून सांगत होता की, "आजोबा, आज मी अकरा जण मारले!" आठवडाभर जिंकणारा हा वीर एका रात्रीत असा कसा निजला?

उत्तर आमच्या पुतण्याने दिले. तो हिंजवडीत एका संगणक कंपनीत काम करतो. तो म्हणाला, "काका, ती अकरा माणसं नव्हतीच." मोबाइलवरील अशा खेळांत नवख्याच्या पहिल्या सामन्यांत यंत्राने चालवलेली बाहुली मोठ्या संख्येने मिसळलेली असतात. त्यांना बॉट म्हणतात. ती सरळ रेषेत चालतात, नेम धरताना अडखळतात, आणि नवख्याच्या हातून मरण्यासाठीच उभी असतात. त्यांची नावे मात्र माणसांसारखी असतात. खेळाडू एकेक पायरी चढू लागला की बाहुली कमी होत जातात आणि खरी माणसे वाढत जातात. आमच्या नातवाने ती पायरी नकळत ओलांडली होती.

आमच्या लहानपणी लपंडावात किंवा आबाधुबीत एखादे शेंबडे पोर हट्टाने शिरले, तर थोरली मुले जाहीर करीत: "हा कच्चं लिंबू!" त्याच्यावर राज्य येत नसे, चेंडू जोराने मारला जात नसे. खेळाचा आनंद पुरा, शिक्षा माफ. पण ते पोर कच्चे लिंबू आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि मुख्य म्हणजे त्या पोरालाही ठाऊक असे. "आता मी कच्चा नाही, मला पण राज्य द्या" असे ते ज्या दिवशी म्हणे, त्या दिवसाला मान होता. येथे मुलाला कच्चे लिंबू करतात आणि तू पहिलवान आहेस असे त्याच्या कानांत सांगतात. मग कोणा दिवशी पंक्तीतून उठवून खऱ्या फडात ढकलतात, तेही न सांगता. मार बसल्याचे दुःख मोठेच, पण आधीचे जिंकणेही खोटे होते हे कळण्याचे दुःख त्याहून मोठे असावे.

न्यायबुद्धीने आम्ही स्वतः खेळून पाहायचे ठरविले. नातू गुरू, आम्ही शिष्य. पहिल्याच दिवशी आम्ही झाडावर लटकलो, विहिरीत पडलो आणि दाराऐवजी भिंत उघडण्याचा प्रयत्न करताना गोळी लागून कैलासवासी झालो. (बाहुल्यांनीही आम्हांस सोडले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.) ह्या प्रयोगात एक गोष्ट मात्र लक्षात आली. आपल्या हालचालीची वार्ता दूरच्या यंत्राकडे जाते आणि तेथून इतरांची वार्ता परत येते. चांगल्या तारेच्या जोडणीवर ह्या येण्याजाण्याला सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग पुरतो, क्षीण रेंज असली तर पाचवा भागही लागतो. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे क्षीण रेंजवाल्याला शत्रू दिसतो तेव्हा शत्रूचे काम जवळजवळ उरकलेले असते. त्यात स्वस्त मोबाइलचा पडदा सेकंदाला तीस चित्रे दाखवणार, महागाचा नव्वद.

एकाच मुळशी तालुक्यात एका टोकाला हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या अंगाला अशा वाड्या आहेत की पावसाळ्यात बोलण्यापुरती रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते. दोन्हीकडची मुले एकाच बेटावर, एकाच क्षणी, रिकाम्या हातांनी उतरतात, आणि ह्याला समान संधी म्हणतात! बेजोड झुंज ह्या खोऱ्याला नवी नाही म्हणा. १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. पण तो खेळ नव्हता.

खेळाची रीत ह्या तालुक्याला चांगली ठाऊक आहे. चैत्र-वैशाखात येथल्या गावोगावी जत्रा भरतात आणि जत्रेच्या दुसऱ्या अंगाला कुस्त्यांचा फड लागतो. आम्ही स्वतः कधी लांग कसली नाही, पण हलगी वाजू लागली की पाय तिकडे वळतात. आधी येतात ती अगदी लहान पोरे. त्यांची कुस्ती रेवडीवर किंवा नारळावर. पंच एकेका पोराला दंडाला धरून दुसऱ्यासमोर उभे करतात, खांद्याला खांदा लावून पाहतात, मानेकडे नि पोटऱ्यांकडे नजर टाकतात. "ही जोड नाही लागत" असे म्हणून एखाद्याला मागे सारतात आणि गर्दीतून दुसरे पोर ओढून आणतात. ह्याला जोड लावणे म्हणतात, आणि फडाची अर्धी अब्रू त्यात असते. जोड चुकली तर प्रेक्षकच ओरडतात. एखादा तयारीचा मल्ल पोरसवद्या गड्यावर हात टाकायला पुढे झाला तर टाळ्या पडत नाहीत, शिट्ट्या पडतात. हरलेल्या पोरालाही कोणी म्हातारा अंगावरची माती झाडून देतो, नि तालमीत ये म्हणतो. मोठ्या इनामाच्या कुस्त्या दिवस कलल्यावर. तोवर रेवडीची पोरे फडाच्या कडेला बसून डाव पाहत असतात आणि पुढच्या वर्षी कोणाशी भिडायचे ते मनात ठरवीत असतात.

ही जोड यंत्राने लावण्याची विद्याही नवी नाही. अर्पाद एलो ह्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकांनी बुद्धिबळासाठी गुणांकनाची रीत बसविली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. बलाढ्याला हरवले तर गुण पुष्कळ वाढतात, दुबळ्याला हरवले तर नाममात्र. आजचे बहुतेक संगणकी खेळ ह्याच तत्त्वाच्या पोटभेदांनी जोडी जुळवतात. अडचण एवढीच की, नवख्याचे गुणांकन नसते, ते अंदाजाने धरावे लागते.

ह्या दुनियेचा मूळ पुरुष रिचर्ड बार्टल. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ ह्यांनी सुरू केलेला आणि पुढे बार्टल ह्यांनी वाढविलेला 'मड' हा नुसत्या अक्षरांतून चालणारा खेळ. अनेकांनी एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरण्याची पद्धत तेथून रूढ झाली. बार्टल ह्यांनी १९९६ साली एक निबंध लिहून खेळाडूंचे चार स्वभाव पत्त्यांच्या चार रंगांत मांडले. धन नि पायऱ्या मिळवणारे ते चौकट, कानाकोपरा खोदून पाहणारे ते इस्पिक, गप्पांसाठी येणारे ते बदाम, आणि इतरांना सतावण्यात ज्यांना गोडी ते किलवर. मराठीत हा शब्द किती चपखल बसला पाहा! बार्टल ह्यांचे निरीक्षण असे की, किलवर फार झाले की बदाम पळ काढतात, आणि सावज सरले की किलवरही कंटाळून जातात. जग ओस पडते.

तसे घडतही आले. 'अल्टिमा ऑनलाइन' हे जग सप्टेंबर १९९७ मध्ये खुले झाले, आणि गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकणाऱ्या नवख्यांना लुटारू खेळाडू तेथेच कापून काढू लागले. अखेर २००० साली चालकांनी त्या जगाची दोन जगे केली. एकात पूर्वीचाच कारभार, दुसऱ्यात संमतीवाचून कोणावर हात टाकता येत नाही. लोक मोठ्या संख्येने दुसऱ्यात राहायला गेले. जुन्या लढवय्यांनी त्यावर फार हळहळ केली. त्यांच्या मते भीती गेली तशी चवही गेली. हे सर्वस्वी खोटे आहे असे आम्हांस वाटत नाही. माती लागण्याची भीती नसलेली कुस्ती कोण पाहील? २००३ पासून चालू असलेल्या 'ईव्ह ऑनलाइन' ह्या आइसलंडच्या खेळात तिसराच मार्ग आहे: सुरक्षित प्रदेशात हल्ला करणाऱ्याचे यान तेथील पोलीस नष्ट करतात, पण ज्याच्यावर हल्ला झाला त्याला वाचवण्याची हमी नाही. म्हणजे अगदी खऱ्या जगासारखे.

येथवर आम्ही निश्चिंतपणे न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलो होतो. २०२४ च्या जूनमध्ये नातू पुन्हा आला. वर्षभरात तो पुष्कळच पुढे गेला होता. चार बोटांनी खेळत होता. एका दुपारी तो मोठमोठ्याने हसत होता म्हणून आम्ही मागे जाऊन उभे राहिलो. पडद्यावर त्याचे नेहमीचे नाव नव्हते. समोर एक खेळाडू दारापाशी गोल गोल फिरत होता, आम्ही फिरत होतो तसाच. नातवाने त्याला आधी पायांत मारले, सरपटू दिले, मग मारले.

त्याने दुसरे खाते उघडले होते. नव्या खात्याला गुणांकन नाही, म्हणून यंत्र त्याची गाठ नवख्यांशी घालून देते. ह्या युक्तीला 'स्मर्फ' म्हणतात. १९९६ च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट २' ह्या खेळातील दोन निष्णात खेळाडूंशी कोणी भिडेना, तेव्हा त्यांनी स्मर्फ ह्या निळ्या बुटक्यांची नावे धारण केली, तेव्हापासूनचा हा शब्द. थोडक्यात, पक्के लिंबू कच्चे होऊन फडात शिरते.

"लाज नाही वाटत?" आम्ही विचारले. आवाज चढला होता.

त्याने मान वर न करता म्हटले, "मला पण असंच मारलं होतं ना. तेव्हा तुम्ही हसला होता."

ह्यावर आम्ही पडवीत येऊन बसलो. आणि पन्नास वर्षांपूर्वीचे आमच्या धर्मग्रामाचे सभागृह आठवले. तेथे संध्याकाळी कॅरम चाले, आणि कॅरममध्ये आमचा हात कोणी धरीत नसे. खेड्यातून नुकताच शिकायला आलेला एक मुलगा दारापाशी उभा राहून पाही. एके दिवशी आम्ही त्याला बोलावले. चहाच्या पैजेवर दोन डाव मुद्दाम हरलो. त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगावे! मग पैज वाढवली, आणि तिसऱ्या डावात त्याला एकही सोंगटी न घेऊ देता आमच्या नऊही सोंगट्या आणि राणी घेतली. भोवतीचे सारे हसले. त्याने खिशातली मोड मोजून ठेवली, चार आणे कमी पडले, ते उद्या देतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दारापाशी चार आणे ठेवून गेला. पुन्हा सभागृहात आला नाही.

नातू थोड्या वेळाने बाहेर आला. त्याला आम्ही हे सारे सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग तुम्ही त्याला शोधलं नाही?"

"नाही."

"नाव?"

नाव आठवत होते. तरी शोधले नव्हते.

बाहेर पाऊस धरून आला होता. तो म्हणाला, "आजोबा, तुमचा मोबाइल आणा. तुम्ही नेहमी मधोमध उतरता, म्हणून मरता. कडेला उतरायचं, तिथं कोणी येत नाही." आम्ही बेटाच्या कडेला, एका पडक्या घरामागे उतरलो. त्याने आपल्याजवळची बंदूक आमच्यापुढे टाकली आणि ती उचलायची कशी ते दाखविले. त्या दिवशी आम्ही शंभरांत एक्केचाळिसावे आलो. पुढे रेंज गेली. दुसऱ्या खात्याचे काय केले हे त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.