रक्ताचा डाग लागला, एचआयव्ही होईल का?

“डॉक्टर, एसटीच्या दांडीला रक्त लागलं होतं. माझा हात लागला. बोटाला जुनी चीर होती. मला एचआयव्ही होईल का?”

जळगाव-धुळे भागात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. कधी दांडीऐवजी सलूनची खुर्ची असते, कधी केळीचे घड गाडीत भरताना कापलेल्या सोबत्याच्या हाताचं रक्त. विचारणारा कित्येक रात्री नीट झोपलेला नसतो. म्हणून उत्तर आधी सांगतो: नाही, अशा डागाला हात लागून एचआयव्ही होत नाही.

कारण समजून घ्या. हा विषाणू शरीराबाहेर वाढत नाही. रक्त सुकलं की काही तासांत बहुतेक विषाणू निकामी होतात. धड कातडी त्यांना आत येऊ देत नाही, आणि खपली धरलेली चीर म्हणजे उघडी जखम नव्हे. तुलनेसाठी सांगतो: बाधित रक्ताची सुई नर्सच्या बोटात घुसली आणि औषध घेतलं नाही, तरी अशा हजार घटनांत सुमारे तीनदाच लागण होते. तुमचा तर नुसता हात लागला आहे. लागण होते ती असुरक्षित शरीरसंबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई आणि बाधित रक्त यांतून, किंवा आईकडून बाळाला.

हात साबणाने धुवा, पुरे. सलूनमध्ये नवीन ब्लेड मात्र जरूर मागा. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो, आणि त्यावर लस आहे. ती घ्या.

दुसऱ्याचं ताजं रक्त डोळ्यात किंवा उघड्या जखमेत गेलं, वापरलेली सुई टोचली, तर वेळ घालवू नका. सिव्हिल हॉस्पिटल गाठा. ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या २८ दिवसांच्या गोळ्या लागण टाळू शकतात. जितक्या लवकर, तितकं चांगलं.

काही जण दर महिन्याला तपासणी करतात. रिपोर्ट निगेटिव्ह येतो, झोप येत नाही. अशा वेळी मी दार लावून विचारतो, “दुसरं काही घडलंय का?” कधीकधी डागामागे वेगळीच गोष्ट निघते, शरीरसंबंधाची. ती मोकळेपणाने सांगा. सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की विषय संपला. तरी भीती जात नसेल, तर इलाज त्या चिंतेवर हवा. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

ही भीती फक्त तुमचीच झोप घालवत नाही. २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांच्या ‘सेवालया’तली एचआयव्हीबाधित मुलं गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. खेळताना खरचटेल, रक्त लागेल, हीच धास्ती. एका बाकावर बसून कोणालाही एचआयव्ही होत नाही; पण त्या धास्तीची शिक्षा लहान मुलांनी भोगली. आज असा भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

शंका असेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारा. आणि शेजारी कोणी एचआयव्हीबाधित असेल, तर त्याच्या हातचा चहा बिनधास्त घ्या.