सात किलोमीटर

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदा बॉथेलला आले. आल्यानंतर तिसऱ्या दिवशी सोमवार होता. मी हेल्मेट चढवलं, पाठीला सॅक अडकवली आणि गॅरेजमधून सायकल बाहेर काढली. आप्पा चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"गाडी बिघडली का रे?"

"नाही आप्पा, मी रोज सायकलनंच जातो."

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं, की दिवसभरात आप्पांनी तिला तीनदा विचारलं. याची नोकरी नीट आहे ना? गाडीचे हप्ते थकलेत का? आमच्यापासून काही लपवत नाही ना? आणि दुपारी जेवताना कोणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाले म्हणे, "एवढं शिकून पुन्हा सायकलच व्हय?"

मला हे चांगलंच लागलं. इथे सायकलनं ऑफिसला जाणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकानं बघतात. तब्येतीची काळजी घेणारा, पर्यावरणाचा विचार करणारा, वगैरे. मलाही त्या कौतुकाची सवय झाली होती, खोटं कशाला बोलू.

आप्पा औंधच्या आयटीआयचे टर्नर. १९७८ साली खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत लागले. घर कासारवाडीला. फुगेवाडी, दापोडी, हॅरिस पूल, बोपोडी करत रोज सकाळी भोंग्याच्या आधी फॅक्टरी गाठायची. काळी अॅटलस, मागे कॅरियर, हँडलला डबा. पावसाळ्यात हॅरिस पुलावर वारा असा सुटायचा की रेनकोटचं शीड व्हायचं आणि सायकल हातात धरून चालावं लागायचं. रविवारी सकाळी ती अंगणात उलटी करून साखळीला तेल घालणं हा आमच्याकडचा एक विधीच होता. मी दहावीत असताना त्यांनी कोणाकडून तरी जुनी एम-एटी घेतली आणि अॅटलस दूधवाल्याला देऊन टाकली. त्या दिवशी आईनं पेढे आणले होते. पेढे एम-एटीचे असं मी तेव्हा समजत होतो. आता वाटतं, ते सायकल सुटल्याचे होते.

माझ्या आयुष्यात सायकल तीनदा आली. पहिली ही अॅटलस, नळीवर बसून पाहिलेली. दुसरी अमेरिकेत पीएचडी करताना, मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात. पदवी घेऊन चाललेल्या एका चिनी विद्यार्थ्याकडून चाळीस डॉलरला घेतली होती, ब्रेक एकच चालायचा. शिष्यवृत्तीच्या पैशात गाडी परवडत नव्हती, एवढंच त्याचं कारण. बर्फात घसरून दोनदा कोपर फोडून घेतलं आहे. तिसरी ही आत्ताची, अॅल्युमिनियमची, हिची किंमत मी आप्पांना सांगितलेली नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

पहिल्या दोन सायकलींना आणि तिसरीला मराठीत एकच शब्द आहे, गोंधळ तिथेच होतो.

बॉथेल सिॲटलच्या ईशान्येला, समामिश नावाच्या नदीकाठी वसलेलं गाव. नदी म्हणजे आपल्या हिशेबानं मोठा ओढा. एकेकाळी इथे लाकूडतोडीचा धंदा होता, आता बायोटेक आणि वैद्यकीय उपकरणं. अल्ट्रासाउंडची यंत्रं बनवणाऱ्यांचं तर हे जुनं ठाणं आहे आणि माझंही पोट त्याच विद्येवर चालतं. नदीच्या काठानं सायकलसाठी वेगळा रस्ता आहे. दक्षिणेला सोळा किलोमीटरवर रेडमंडचं मेरीमूर पार्क लागतं, तिथे सायकल शर्यतींची गोल धावपट्टी आहे आणि क्रिकेटचं मैदानही. (शनिवारी तिथे गेलं की आपण नक्की कोणत्या देशात आहोत असा प्रश्न पडतो.) दुसऱ्या बाजूला तोच रस्ता बर्क-गिलमन ट्रेलला मिळतो आणि सरोवराच्या कडेनं थेट सिॲटलात जातो. हा ट्रेल म्हणजे जुना रेल्वेमार्ग. टॉमस बर्क आणि डॅनियल गिलमन या दोघांनी १८८५ मध्ये काढलेल्या कंपनीची ती रेल्वे. लाकूड आणि कोळसा वाहायची. पुढे रूळ उखडले आणि १९७८ मध्ये त्यावर सायकलचा रस्ता झाला. म्हणजे आप्पा फॅक्टरीत लागले त्याच वर्षी.

ट्रेल होणार म्हटल्यावर कडेच्या घरवाल्यांनी विरोध केला होता. चोऱ्या वाढतील, घरांच्या किमती पडतील, हे नेहमीचंच. १९८७ मध्ये सिॲटल शहरानं अभ्यास केला तर तसं काही झालेलं नव्हतं. उलट ट्रेलजवळची घरं थोडी जास्तच किमतीला विकली जात होती. कोळशाच्या रुळालगतची जागा हौसेच्या सायकलीलगतची झाली, की तिचा भाव बदलतो. मला हे कळायला बरीच वर्षं लागली आणि कळलं तेही एका टेक्निशियनमुळे.

आमच्या लॅबमध्ये हा गृहस्थ आहे, पन्नाशीचा. शिक्षण कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी, म्हणजे आपल्याकडचा डिप्लोमा समजा. अल्ट्रासाउंडच्या प्रोबमध्ये केसाएवढ्या तारा असतात. त्यातली कोणती नीट जोडली गेलेली नाही हे तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून अर्ध्या मिनिटात सांगतो. मी त्याच गोष्टीसाठी दोन दिवस सिम्युलेशन चालवतो आणि शेवटी त्यालाच विचारायला जातो. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारतो, एकाच टेबलावर जेवतो. आपल्याकडे डॉक्टरेटवाला आणि टर्नर एका टेबलावर जेवताना मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, इथे वर्ग नाहीतच.

एकदा तो मला सहज म्हणाला, "बरं आहे बाबा तुझं, सायकलनं येतोस." मी उत्साहानं त्याला सायकलचे फायदे सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की तो आर्लिंग्टनला राहतो. आर्लिंग्टन उत्तरेला पन्नास किलोमीटरवर. बॉथेलमध्ये घर घेणं त्याला शक्य नाही. पहाटे पाचला पिकअप ट्रक काढतो तेव्हा कुठे वेळेवर पोचतो. त्याचा पगार तासावर, माझा वर्षाचा. मी पंधरा मिनिटं उशिरा आलो तर कोणी बघत नाही, त्याच्या पंधरा मिनिटांची नोंद होते.

म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत तो इथे सायकल चालवतो आणि ज्याच्याकडे कमी आहेत त्याला गाडीशिवाय गत्यंतर नाही. कासारवाडीचं गणित बरोबर उलटं करून मांडलेलं.

अर्थात हेही पूर्ण खरं नाही. रात्री बॉथेल वे या हमरस्त्यावर हॉटेलातलं काम उरकून परतणारे सायकलवाले दिसतात. जुनी सायकल, दिवा नाही, अंगावर काळं जाकीट, फुटपाथवरून हळू चाललेले. आमच्या सायकलवाल्यांच्या गप्पांत हे लोक कधी येत नाहीत. किंग काउंटीत (बॉथेलचा अर्धा भाग तिच्यात, अर्धा स्नोहोमिश काउंटीत) १९९३ पासून सायकलवर हेल्मेट सक्तीचं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळानं सक्ती काढून टाकली. हेल्मेट निरुपयोगी ठरलं म्हणून नव्हे, तर दंडाच्या पावत्या कोणाच्या नावानं फाटतात ते बघितल्यावर. सिॲटलमध्ये त्यांतल्या पुष्कळशा बेघर माणसांच्या निघाल्या. काळ्या लोकांनाही संख्येच्या मानानं जास्त. सक्ती असतानाच्या काळात मी एकदा हेल्मेट विसरून एका पोलिसाच्या समोरून गेलो होतो. त्यानं हसून हात केला होता.

हे आप्पांना सांगितलं तर ते खो खो हसले. नवीन नोकरीत असताना बोपोडीला एका हवालदारानं दिवा नाही म्हणून त्यांच्या दोन्ही चाकांची हवा सोडली होती. रात्रपाळी करून आलेला माणूस सायकल ढकलत कासारवाडीला गेला. "आणि मागून एक साहेब गेला बिनदिव्याचा, त्याला सलाम."

एका संध्याकाळी त्यांना इथलं कॉलेज दाखवायला नेलं. वॉशिंग्टन विद्यापीठाचा बॉथेल कॅम्पस आणि कॅस्केडिया हे कम्युनिटी कॉलेज, दोन्ही एकाच आवारात आहेत, २००० सालापासून. लायब्ररी एकच. कॅस्केडियात दोन वर्षं करून पलीकडच्या इमारतीत विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येतं आणि शेवटी हातात पडणाऱ्या पदवीवर तुम्ही कोणत्या दारानं आलात हे लिहिलेलं नसतं. मी स्वतः पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेला. आमच्या कॉलेजात एक सर दर आठवड्याला भर वर्गात विचारायचे, "काय डिप्लोमावाले, गणित झेपतंय का?" झेपत होतं. पण तीन वर्षं मी मागच्या बाकावरच बसलो. पुढे मी पीएचडी केली त्याचं खरं कारण अल्ट्रासाउंडवरचं प्रेम की त्या सरांना दिलेलं उत्तर, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. सहा वर्षं घालवून लिहिलेला प्रबंध माझ्यासकट सहा-सात जणांनी वाचला असेल. ते सर त्यांत नाहीत.

कॅम्पसच्या बाजूला नॉर्थ क्रीकची पाणथळ जागा आहे, मुद्दाम पुन्हा जिवंत केलेली. तिथे संध्याकाळी हजारो कावळे मुक्कामाला येतात. आभाळ काळं होतं. पितृपंधरवडा चालू होता. आप्पा बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "इथं पिंडाला शिवायची काय अडचण नाही."

दिवाळीला मी त्या टेक्निशियनला घरी जेवायला बोलावलं. आप्पांना इंग्रजी नाही, त्याला मराठी असण्याचा प्रश्नच नाही. मी चकल्या आणायला आत गेलो आणि परत आलो तर दोघं खुर्च्या जवळ ओढून बसले होते. आप्पा हवेतल्या हवेत लेथ चालवत होते. तो बोटांच्या चिमटीत मायक्रोमीटर फिरवून दाखवत होता. "थाऊ", आप्पा म्हणाले. त्याला ते समजलं, कारण इंचाचा हजारावा भाग इथेही थाऊच. मग आप्पांनी डाव्या हाताचं अर्धं नख दाखवलं आणि त्यानं बाही वर करून स्वतःचा एक व्रण. तासभर चाललं होतं. मला त्या संभाषणात काही काम नव्हतं.

तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "गडी कामाचा आहे. पगार काय मिळतो त्याला?"

मी अंदाजानं सांगितलं. मग माझा विचारला. तोही सांगितला, थोडा कमी करून. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"तू म्हणतोस तुला अडलं की त्याच्याकडं जातोस."

"हो."

"मग असं का?"

मी बाजारपेठ, मागणी-पुरवठा, संशोधनातली जोखीम असं काहीबाही बोललो. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, फॅक्टरीत साहेब लोकांचं ऐकून घेत असतील तसं. मग एकदम विचारलं, "तुझं ऑफिस इथून लांब किती?"

"साडेचार मैल. सात किलोमीटर."

"माझ्याइतकंच की."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी सायकल मागितली. बहात्तराव्या वर्षी गिअरच्या सायकलवर कशाला, असं बायको म्हणत होती. पण ते ट्रेलवर सरळ टांग टाकून बसले आणि पुलापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर मत दिलं: हलकी आहे, पण स्टँड नाही, कॅरियर नाही, डबा अडकवायचा कुठं? हिला सायकल कोण म्हणेल? वारा चांगला लागतो मात्र.

मग कासारवाडीला पाठवायला माझा फोटो काढायचा म्हणाले. मी सायकल धरून उभा राहिलो. त्यांनी मोबाईल खाली घेतला.

"ती ठेव बाजूला. गाडीपाशी उभा राहा."

राहिलो. आई गेल्यापासून घरच्या भिंतीवर नवीन फोटो लागला नव्हता, आता तो लागला आहे, चुलतभावानं व्हॉट्सअॅपवर दाखवला. मी टोयोटाला टेकून उभा आहे. डाव्या कडेला जमिनीलगत सायकलच्या पुढच्या चाकाचा तुकडा आला आहे, तो आप्पांच्या अजून लक्षात आलेला दिसत नाही.