भिंतीवरचे गायतोंडे
सीताबर्डीच्या एका तसबिरीवाल्याकडून वासुदेव गायतोंडे यांच्या एका पीतवर्णी अमूर्त चित्राची चौकटीत बसविलेली छापील प्रत आज खरेदी करून आणली. ज्यांचा जन्म १९२४ साली याच नागपुरात झाला, ज्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका १९४८ मध्ये घेतली आणि ज्यांच्या कृतींचे स्वतंत्र प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने भरविले, त्यांचे अस्सल चित्र माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्याच्या ऐपतीत येणे नाही, हे उघडच आहे. परंतु खरी तूट किमतीची नव्हे. रोलर आणि रंगसुरी यांनी थरावर थर चढवीत, मधूनच खरवडीत त्यांनी जी गहनता साधली, ती छपाईच्या सपाट शाईत उतरत नाही, आणि काचेत तर छताचा पंखाच ठळक दिसतो. तरीही चित्रकार रझांचा बिंदू (त्यांचेही नागपूरशी नाते, इथल्या कलाशाळेचे ते विद्यार्थी) मी नाकारला, कारण त्याचा अर्थ आल्यागेल्यास विशद करावा लागतो; याचा करताच येत नाही, ही केवढी सोय! ‘हे उलटे तर टांगले नाही ना?’ अशी रीतसर हरकत सौभाग्यवतींनी नोंदविली, तेव्हा चौकटीमागील दोरी वरच्या बाजूस आहे, एवढाच पुरावा मी दाखल करू शकलो.